गोष्टीतली आई नेहमी मेलेलीच का असते?

पानवेल

गेले दोन महिने मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला रात्री निरनिराळ्या देशांच्या लोककथा वाचून दाखवते आहे. परवा तिने मध्येच पुस्तकावर हात ठेवला आणि विचारले, "आई, गोष्टीतली आई नेहमी आधीच मेलेली का असते? आणि बाबा काहीच का बोलत नाहीत?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, म्हणून "झोप आता" एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वाचून झालेल्या कथा आठवून पाहिल्या. सिंड्रेला, हिमगौरी, हॅन्सेल आणि ग्रेटेल, रशियातली वासिलिसा आणि चीनमधली येह शिएन या पाचही कथांमध्ये सख्खी आई नाही आणि सावत्र आई आहे. बाप एक तर मेलेला आहे, नाही तर व्यापाराला गेलेला आहे, नाही तर घरात असून मुका आहे. तरुण मुलगी असेल तर ती सुंदर आणि सोशिक, आणि वय उलटलेली बाई असेल तर ती मत्सरी किंवा चेटकीण, अशा दोनच कप्प्यांत सगळ्या बायका बसवलेल्या दिसतात. या कथा मुळातच अशा होत्या की आपल्यापर्यंत येईपर्यंत त्या अशा झाल्या? आणि आठ वर्षांच्या मुलीला त्या अशाच वाचून दाखवाव्यात का? जाणकारांनी लिहावे.

जुना_पार

पानवेल, प्रश्न चांगला आहे, पण त्यात स्त्रीद्वेष शोधण्याआधी त्या काळचे घर कसे होते ते पाहावे असे मला वाटते. बाळंतपणात बायका मरत असत, पुरुष लगेच दुसरे लग्न करीत, आणि एकाच चुलीवर पहिलीची व दुसरीची मुले वाढत असत. जमीन थोडी, धान्य मोजके, त्यामुळे कोणाच्या ताटात किती पडते यावर त्या मुलांचे जगणे अवलंबून असे. अशा घरांमध्ये सावत्र आईच्या गोष्टी निर्माण झाल्या नसत्या तरच नवल. माझ्या पणजीलाही सावत्र आई होती, आणि तिच्याबद्दल ती म्हातारपणी जे सांगत असे ते कोणत्याही परीकथेपेक्षा सौम्य नव्हते.

हेसनकर

मी गेली काही वर्षे जर्मनीतल्या कासेल शहरात राहतो. ग्रिम बंधूंनी आपल्या कथा मुख्यतः याच परिसरात गोळा केल्या, त्यामुळे इथे आल्यावर त्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्याचा नाद लागला. जुना_पार यांचे म्हणणे इतिहास म्हणून बरोबर आहे, परंतु पानवेल यांनी दिलेल्या यादीतल्या निदान दोन कथांना ते लागू पडत नाही.

ग्रिम संग्रहाचा पहिला खंड 1812 मध्ये निघाला. त्यातल्या हिमगौरीच्या कथेत आरशाला प्रश्न विचारणारी, मुलीला रानात नेऊन मारायला सांगणारी राणी तिची सख्खी आई आहे. खिडकीत बसून बर्फासारखी गोरी मुलगी मागणारी आणि पुढे तिच्याच जिवावर उठणारी बाई एकच. 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती पहिली आई मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. हॅन्सेल आणि ग्रेटेलमध्येही मुलांना जंगलात सोडून यायला सांगणारी प्रारंभी त्यांची आईच होती, आणि ती सावत्र झाली 1840 च्या आवृत्तीत. म्हणजे या दोन आया बाळंतपणात गेलेल्या नाहीत, त्या संपादनात गेल्या आहेत.

याचे कारणही उघड आहे. पहिला संग्रह टिपांसह काढलेला अभ्यासकांचा संग्रह होता, पण तो मुलांच्या हातात पडू लागला आणि तक्रारी आल्या. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल मनोऱ्यात राजपुत्राला भेटत असते आणि एके दिवशी म्हातारीला भाबडेपणाने विचारते की माझे कपडे हल्ली घट्ट का होतात. पुढे हा प्रश्न काढून टाकण्यात आला. 1825 मध्ये खास मुलांसाठी 50 कथांची लहान आवृत्ती निघाली. विल्हेल्म ग्रिम यांनी 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कथांवर हात फिरवला, आणि त्या काळच्या सुखवस्तू जर्मन घरात आई ही पूज्य गोष्ट असल्यामुळे तिला खलनायिका ठेवणे त्यांना पटले नसावे.

चिंचोका

थोडक्यात, आईची प्रतिमा मलीन होऊ नये म्हणून खुद्द आईलाच दिवंगत करण्यात आले.

जुना_पार

हेसनकर, ही माहिती मला नवी आहे आणि त्या दोन कथांपुरती माघार घेतो. पण येह शिएनची कथा तर 9व्या शतकात तुआन चंग-शिर यांनी चीनमध्ये लिहून ठेवली. तिथे कोणी ग्रिम नव्हते, तरीही सावत्र आई आहेच. वासिलिसाचेही तेच. त्यामुळे सगळे खापर संपादकावर फोडता येणार नाही.

हेसनकर

मान्य आहे. मात्र लिहून घेणारा आणि सांगणारा यांच्यातले अंतर किती असते, याचे एक उदाहरण देतो. ग्रिम बंधूंना सर्वाधिक कथा देणाऱ्यांमध्ये डोरोथिया फीमान ही बाई होती. ती कासेलच्या बाहेरच्या एका खाणावळवाल्याची मुलगी, पुढे शिंप्याची बायको, आणि शहरात भाजीपाला विकायला येत असे. दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत तिचे कौतुक अस्सल हेसियन (म्हणजे याच हेसन प्रांतातली) शेतकरीण म्हणून केले आहे आणि तिला कथा परत सांगायला लावली तरी ती शब्द बदलत नसे असे म्हटले आहे. तिच्या वडिलांचे घराणे मूळचे फ्रान्समधून धर्मछळामुळे आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, लोकांपैकी होते, हे मात्र त्यात येत नाही. तिचे चित्र 1819 च्या आवृत्तीत छापले गेले, तोवर ती हयात नव्हती. कथा बाईची आणि तिला अखेरचे रूप देणारी लेखणी पुरुषाची, हे या संग्रहात वारंवार दिसते. हिमगौरी आणि तिच्यासारख्या इतर कथाही बऱ्याच अंशी कासेलमधल्या सुशिक्षित घरांतल्या तरुण मुलींनी सांगितलेल्या होत्या, आणि त्यांपैकी एका घरातल्या डोर्टशेनशी विल्हेल्म यांनी 1825 मध्ये लग्नही केले.

अबोलीचा_गजरा

हेसनकरांनी फीमानबाईंचे नाव काढले म्हणून आपल्याकडची एक बाई सांगते, कारण तिचा संबंध गोव्याशी आणि पुण्याशी, दोन्हींशी आहे. मेरी फ्रिअर ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांच्या दौऱ्याबरोबर दख्खनमध्ये फिरत असताना तिने आपल्या आयेकडून, म्हणजे घरच्या सेविकेकडून, कथा ऐकल्या आणि 1868 मध्ये त्यांचे पुस्तक काढले. त्या आयेचे नाव अ‍ॅना लिबराता डिसूझा. तिच्या आजोबांचे घराणे लिंगायत होते, ते गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले. कथा तिने ऐकल्या त्या आजीकडून. मुखपृष्ठावर नाव मेरीचे असले तरी अ‍ॅनाची स्वतःची हकिकत पुस्तकाच्या आरंभी दिलेली आहे, ही त्या काळात दुर्मीळ म्हणावी अशी गोष्ट आहे.

त्या संग्रहातली सूर्याबाईची कथा पाहा. गवळणीची तान्ही मुलगी गरुड उचलून नेतात आणि झाडावरच्या घरट्यात वाढवतात. पुढे राक्षसाच्या नखाने ती मेल्यासारखी पडते, राजा तिला शोधून काढतो आणि लग्न करतो. इथपर्यंत युरोपातली परीकथा संपली असती, पण अ‍ॅनाच्या आजीची कथा संपत नाही. थोरली राणी सूर्याबाईला तळ्यात ढकलते, ती सोनेरी फूल होऊन वर येते, राणी ते जाळायला लावते, राखेतून आंब्याचे झाड उगवते, आणि शेवटी त्या झाडाचा आंबा एका गवळणीच्या दुधाच्या भांड्यात पडतो. ती गवळण म्हणजे तिची आई. पानवेल, तुमच्या मुलीला ही सांगा. इथे आई जिवंत आहे आणि शेवटपर्यंत दूध विकते आहे.

मधली_आळी

अबोलीताई, कथा सुंदर आहे, पण थोरल्या राणीचे काय? इथेही बाईला ढकलणारी बाईच आहे. राजाने दुसरे लग्न केले याबद्दल राजाला कोणी तळ्यात ढकलत नाही. आपल्या आवडती-नावडतीच्या सगळ्या गोष्टींचे हेच आहे. सांगणारी आजी होती म्हणून कथा बायकांच्या बाजूची होते, हे मला पटत नाही. आजीसुद्धा त्याच घरात वाढली होती.

रानवारा

मधली_आळी यांचा मुद्दा सोपा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या श्रावणातल्या कहाण्या या बायकांनी बायकांसमोर सांगायच्या कथा आहेत. हातात तांदूळ घेऊन ऐकणाऱ्याही बायकाच. त्यांतली शुक्रवारची भावाबहिणीची कहाणी आठवून पाहा. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, गावाला बोलावतो, आणि गरीब बहिणीला मात्र बोलावत नाही, कारण तिच्या अंगावर धड वस्त्र नाही. ती पोरांना पोटभर मिळेल म्हणून न बोलावता जाते, तर भाऊ तिला सगळ्यांसमोर बोलतो आणि शेवटी हाताला धरून बाहेर काढतो. पुढे तिला बरे दिवस येतात आणि आता तोच भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. ती जाते, अंगावरचा एकेक दागिना काढून पाटावर मांडते आणि ताटातला एकेक पदार्थ त्या दागिन्यांवर ठेवत जाते. भाऊ विचारतो, हे काय करतेस? ती सांगते, ज्यांना तू जेवायला बोलावलेस त्यांना जेवू घालते आहे.

या कहाणीत चेटकीण नाही आणि सावत्र आई नाही. अपराधी आहे तो सख्खा भाऊ, जो आपल्या ओव्यांमध्ये आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत नेहमी देवासारखा असतो. मला तर असे वाटते की ही कथा लिहून काढणारा कोणी विल्हेल्म मध्ये असता तर त्याने भावाची बायको कजाग केली असती आणि भावाला सोडवले असते. चार बायकांत बसून सांगताना ती गरज पडली नाही.

मधली_आळी

शुक्रवारच्या कहाणीपुरते तुमचे म्हणणे मी मान्य करते. ताटासमोर बसून भावाला उत्तर देणारी ती बाई लहानपणापासून माझीही आवडती आहे. पण कहाण्यांचा शेवट पाहा. बाईला बरे दिवस येतात ते व्रत केल्यामुळे, म्हणजे पुन्हा उपास, नेम आणि "उतू नको, मातू नको". बक्षीस म्हणून मिळतात ते मुलगे, सौभाग्य आणि दागिने. नागपंचमीच्या कहाणीतल्या धाकट्या सुनेला माहेरचे कोणी नसते, म्हणून तिला न्यायला नाग माणसाचे रूप घेऊन येतो. ही कल्पना मनोहर आहे, परंतु तिचा अर्थ असाही होतो की बाईला उभे राहायला माहेरचा पुरुष लागतोच, तो माणसांत नसेल तर सापांत शोधावा.

चिंचोका

आणि एवढे करून तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिल्लांची शेपटे जळतात ती जळतातच. माहेरीसुद्धा कामाची सुटका नाही.

रानवारा

चिंचोका, तुम्ही थट्टेत बोललात, पण तो दिवा महत्त्वाचा आहे. शेपूट तुटलेले लांडोबा-पुंडोबा सूड घ्यायला तिच्या सासरी जातात, आणि ती मात्र पाटावर नाग काढून आपले भाऊ जिथे असतील तिथे खुशाल असोत अशी प्रार्थना करीत असते, ते ऐकून त्यांचा राग जातो. इथे प्रसंग निभावतो तो तिच्या बोलण्याने. नाग तिला वाचवायला आलेला नसतो, मारायला आलेला असतो.

मधली_आळी यांच्या मूळ शंकेबद्दल लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांचे एक निरीक्षण उपयोगी पडते. त्यांनी कर्नाटकातल्या कथांचा अभ्यास करताना असे दाखवले की नायक पुरुष असतो तेव्हा तो घराबाहेर पडतो, पराक्रम करतो आणि लग्नापाशी कथा संपते. नायिका बाई असते तेव्हा मात्र अनेकदा लग्न लवकरच होऊन जाते आणि खरी संकटे त्यानंतर सुरू होतात. त्यांनी नोंदवलेल्या एका कानडी कथेत एक मुलगी अंगावर पाणी घेऊन फुलांचे झाड होऊ शकते. सासरी आल्यावर नणंद हट्टाने तिला झाड व्हायला लावते, फांद्या ओरबाडते, आणि मुलगी अर्धवट माणूस, अर्धवट खोड होऊन पडून राहते. सासरी गेलेल्या मुलीचे काय होते, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगणारा सामाजिक अहवाल मी वाचलेला नाही. यात नणंद वाईट आहे, हे खरे. परंतु ऐकणाऱ्या बाईला जिची भीती रोज वाटत असे ती नणंद आणि सासूच होती, राजा तिच्या वाट्याला येणार कुठून?

हेसनकर

लग्नापाशी कथा संपते यावरून आठवले. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी 1928 मध्ये रशियन अद्भुतकथांचा जो आराखडा मांडला त्यात सात प्रकारची पात्रे आहेत: खलनायक, देणारा, साहाय्यक, पाठवणारा, नायक, तोतया नायक, आणि राजकन्या. यातली राजकन्या एकटी येत नाही, "राजकन्या आणि तिचा बाप" असे दोघे मिळून एक पात्र धरलेले आहे. प्रॉप यांचा दोष नाही, कारण त्या कथांत दोघांचे काम खरोखरच वेगळे काढता येत नाही. तरी हा आराखडा वाचताना दर वेळी मला थोडे हसू येते.

जुना_पार

एक भर घालतो. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी 1697 च्या संग्रहात प्रत्येक कथेखाली पद्यात तात्पर्य जोडले. निळ्या दाढीवाल्याच्या कथेत तो माणूस आधीच्या बायकांचा खून करून त्यांना खोलीत ठेवतो, आणि त्या कथेखालचे तात्पर्य बाईच्या कुतूहलाचा परिणाम वाईट होतो असे आहे. खुनाबद्दल उपदेश करावा असे त्यांना वाटले नाही. आता कथेतली बाई पाहा: ती खोली उघडते, वेळ काढते, बहिणीला बुरुजावर उभी करते, भाऊ येईपर्यंत नवऱ्याला बोलण्यात गुंतवते आणि जिवंत राहते. कथा एक सांगते आणि तात्पर्य दुसरे सांगते. त्यामुळे सुरुवातीला मी जे म्हणालो त्यात आता थोडी दुरुस्ती करावी लागेल.

तळ्याकाठी

दोन कप्प्यांत न बसणाऱ्या बायका कोणी काढल्याच नाहीत. जपानमध्ये क्रौंचपक्षीण बाई होऊन येते, दार बंद करून स्वतःच्या पिसांचे कापड विणते, आणि नवऱ्याने दार उघडून पाहिले की निघून जाते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सीलचे कातडे लपवून ठेवलेली बायको वर्षानुवर्षे संसार करते आणि कातडे सापडले त्या दिवशी मुलांना मागे ठेवून समुद्रात शिरते. कथा तिला दुष्ट म्हणत नाही. आपली उर्वशीही अटी घालून राहते आणि अट मोडली की जाते. ऋग्वेदातल्या संवादात पुरूरवा विनवण्या करीत राहतो, ती परत येत नाही.

आणि वासिलिसाच्या कथेतली चेटकीण बाबा यागा? कोंबडीच्या पायांवर उभे असलेले घर, हाडांचे कुंपण, माणसे खाणारी म्हातारी. पण वासिलिसाने नेमून दिलेली कामे केल्यावर ती विस्तव देते, आणि त्याच विस्तवाने सावत्र आई जळून जाते. तिला कोणत्या कप्प्यात ठेवणार?

चिंचोका

इतका वेळ सगळे परदेशी फिरून आले, पण आपल्या म्हातारीचे कोणी नाव घेतले नाही. सिंड्रेलाचा भोपळा पेरो यांच्या कथेतला आहे आणि तो तिला राजपुत्राकडे घेऊन जातो. आपला भोपळा म्हातारीला लेकीच्या घरून परत आणतो. त्यात राजपुत्र नाही, परी नाही, बारा वाजताची मुदत नाही. वाटेतल्या वाघाला तिने आधीच सांगून ठेवलेले असते की लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, जाडजूड होऊन येते, मग खा. येताना भोपळ्यातूनच उत्तर देते. वय उलटलेली, एकटी प्रवास करणारी, थापा मारणारी आणि शेवटी सुखरूप घरी पोचणारी नायिका पाहिजे असेल तर ही आहे.

अबोलीचा_गजरा

चिंचोका, आजवरचा तुमचा सर्वांत गंभीर प्रतिसाद.

मधली_आळी

सहमत आहे. आणि हे लिहिताना लक्षात येते की या गोष्टीत आई जिवंत आहे, लेक जिवंत आहे, आणि दोघी एकमेकींना भेटतात. एवढी साधी गोष्ट इतर कथांत का घडत नाही, हाच तर पानवेल यांच्या मुलीचा प्रश्न होता.

पानवेल

सर्वांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

मुलीला मी हिमगौरीची जुनी हकिकत सांगितली, म्हणजे ती राणी आधी सख्खी आई होती आणि नंतर तिला बदलले. ती घाबरेल असे मला वाटत होते, पण तिने फक्त "मग बदलली कशाला?" असे विचारले. वासिलिसाच्या कथेत आई मरताना मुलीला बाहुली देते आणि पुढे ती बाहुली सगळी कामे करते. ग्रिम यांच्या सिंड्रेलाला आईच्या थडग्यावरचे झाड कपडे देते. म्हणजे मेली तरी आईची कामे संपत नाहीत, हे तिने स्वतःच शोधून काढले आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिले. बाप गप्प का, याचे उत्तर तिने तिच्या बाबांकडेच मागितले. ते अजून विचार करीत आहेत.

काल भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर तिला म्हातारीच्या लेकीचे नाव हवे होते. मला माहीत नाही, माझ्या आईलाही माहीत नाही. तुमच्याकडे गोष्ट सांगताना त्या लेकीचे काही नाव असे का?

रानवारा

आमच्याकडे नुसती "लेक" होती.

अबोलीचा_गजरा

आमच्याकडेही नाव नव्हते. आईला विचारून पाहिले. ती म्हणाली, म्हातारीचे तरी कुठे आहे?